पाचवा हात

आमच्या आतोबांइतका न ठरवणारा माणूस अख्ख्या निजामशाहीत दुसरा नव्हता, हे मी पैजेवर सांगते. बेंबळीच्या बाजारात दोन हातांत दोन वांगी धरून ते दुपार करायचे. शेवटी बागवानीणच वैतागून दोन्ही पिशवीत टाकायची. जोडे घालून उंबऱ्यात उभे राहायचे, गावात जावं की रानात. आत्या आतून ओरडायची, "अहो, जायचं तर जावा, न्हायतर दार तरी लावा!" ते निमूट दार लावून आत येऊन बसायचे.

अशा माणसाला कुणी पंच करतं का? आमच्या गावानं केलं. दोन पंच वरच्या आळीचे, दोन खालच्या, आणि पाचवे आतोबा, कारण त्यांचं घर नेमकं मधे. नवी विहीर खणायची निघाली. दोघं म्हणाले आमच्या आळीत, दोघं म्हणाले आमच्या. आतोबांचा हात पडेल तिकडं विहीर. झालं! ज्यांना कुणी धड रामराम घालत नव्हतं, त्यांच्या ओसरीवर वर्दळ सुरू झाली. सकाळी वरच्या आळीचे पाटील शेंगांच्या पोळ्या घेऊन, संध्याकाळी खालच्या आळीचे अप्पा पेढे घेऊन. आतोबा दोन्ही मन लावून खायचे आणि म्हणायचे, "बघू की. इचार चाललाय." लोकांना वाटायचं, काय मुरलेला माणूस! आत्या कपाळाला हात लावायची. "कशाचा इचार अन् कशाचं काय! ह्यांना खरंच कळंना झालंय."

आई गेल्यामुळं मी तेव्हा आत्याकडं होते, नऊ वर्षांची. शाळा देवळात भरायची, पण पोरींना आत बसू द्यायला पंचांची ना होती. मी बाहेर भिंतीला टेकून पाढे म्हणायची, मास्तरांनी हाकललं की घरी येऊन रडायची. मला शिकायचं होतं हो, लई शिकायचं होतं. आतोबा नुसते बघत बसायचे.

मग चावडीवर सगळं गाव जमलं. आतोबा उठले. "आधी साळा, मग हीर. पोरी साळंत बसतील असं जो म्हनंल, त्याच्याकडं माझा हात."

पाटील उसळले, "पोरींचा अन् पाण्याचा काय संबंध?"

"काय न्हाय की," आतोबा म्हणाले, "पन हात माझा हाय."

अप्पांनी पटकन "बसू द्या" म्हणत हात वर केला. विहीर जाते की काय, या धास्तीनं पाटलांनीही हात वर केला, मागोमाग उरलेल्या दोघा पंचांनी. पाची हात वर! मग मात्र आतोबांची पंचाईत झाली, होकार दोघांचाही आलेला. चावडी ताटकळली. शेवटी विहीर दोन्ही आळ्यांच्या मधोमध खणायची ठरली, आणि घागरी वाहताना दोन्हीकडच्या बायकांनी त्यांचा वर्षानुवर्षं उद्धार केला. आत्या म्हणायची, "मला न इचारता ह्यांनी ठरवलेली गोष्ट एकच, ती पोरींच्या साळंची."

मला लिहिता यायला लागलं तसे आतोबा माझी पाटी घेऊन पुढ्यात बसले. "माझं नाव लिही."

"नुसतं लिहू, का राव लावून?"

मी विचारायला नको होतं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "दोन्ही लिही. कुठलं ठेवायचं ते उद्या ठरवतो." पाटी कोनाड्यात गेली. मला त्यांनी दुसरी आणून दिली. उद्या उद्या करता निजामाचं राज्य गेलं, आणि एक दिवस आतोबाही गेले.

पाटी माझ्याकडं आहे. माझ्या वेड्यावाकड्या अक्षरांत त्यांची दोन्ही नावं तशीच आहेत. एक पुसून टाकावं म्हणते, पण कुठलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.