लंगडा टोन ओळखणारा माणूस

मधुकर बिऱ्हाडेला मुंबईच्या एका टेलिफोन यंत्रांच्या कंपनीच्या प्रादेशिक मॅनेजरने फसवलं. त्याची वही घेतली, ती स्वतःच्या नावाने छापली, आणि वहीच्या बदल्यात इंजिनिअरची जी जागा कबूल केली होती ती दुसऱ्याला दिली. मला राग लवकर येतो, हे सुरतेत पर्वत पाटियाला माझ्या दुकानाच्या आसपास कोणालाही विचारा. पण वरची दोन वाक्यं मी सहा आठवडे थांबून, डोकं थंड करून लिहिली आहेत. संपादक मॅनेजरचं नाव छापायला तयार नव्हते. त्यांच्याशी दोन दिवस घासाघीस केली. शेवटी नाव गाळायचं आणि बाकी एक ओळही कापायची नाही, एवढ्यावर सौदा ठरला. म्हणून त्यांना इथे नुसतं ‘साहेब’ म्हणतो.

मधू गेल्याची बातमी मला हंसाबेननी दिली. पलसाण्याच्या ज्या डाइंग मिलची हकीकत पुढे येणार आहे, तिथल्या त्या टेलिफोन ऑपरेटर. सकाळी दुकानाचं शटर वर करतो तोच फोन वाजला. एरवी हंसाबेन फोनवर आधी मला चार टोमणे मारतात आणि मग कामाचं बोलतात. त्या दिवशी म्हणाल्या, “आप्पा, पहेला बेसी जाव,” आधी खाली बसा, आणि मी बसल्यावरच पुढचं सांगितलं. कावीळ झाली होती. आठवड्याभरात गेला, चाळिशीही गाठली नव्हती. नवागामच्या विहारात पुण्यानुमोदनाला इतकी माणसं आली की अर्धी रस्त्यावर उभी होती. बोलायला उठलेले एक गृहस्थ म्हणाले, “मधुकरभाऊ अगदी साधे, फोन दुरुस्त करायचे.” मी मागे बसलो होतो. प्रसंग तसा होता म्हणून गप्प राहिलो. फोन दुरुस्त करणारे सुरतेत गल्लोगल्ली आहेत. मधूने काय केलं ते मात्र सुरतेत कोणालाच जमलं नव्हतं, मुंबईहून आलेल्यालाही नाही.

आम्ही दोघं अमळनेर तालुक्यातले, शेजारशेजारच्या गावांचे. मी आधी सुरतेला आलो, तो चार वर्षांनी. एकाच कारखान्यात आम्ही माग चालवले. मागाच्या खात्यात आवाज असा असतो की शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. त्या गदारोळात आमचे लोक मागांची तब्येत कानाने ओळखतात. पण मधूची गोष्ट निराळी होती. एकदा आम्ही बाहेर टपरीवर चहा पीत होतो आणि हा मध्येच म्हणाला, “आप्पा, खिडकीकडचा तिसरा माग लंगडतोय. धोटा उशिरा पोचतोय.” मी त्याला वेड्यात काढलं. आत जाऊन पाहिलं तर खरंच त्या मागाचा पट्टा सैल झाला होता. पुढे मी माग सोडले, टेलिफोनचं सामान विकायला लागलो, दुकान उभं केलं, आणि पहिला माणूस म्हणून मधूला बोलावून घेतलं. दहावी झालेला. इंग्रजी त्याने यंत्रांच्या माहितीपुस्तकांतून, शब्दकोश मांडीवर ठेवून शिकून घेतली.

प्लेगच्या पुढच्या वर्षी पलसाण्याच्या मिलच्या शेठनी मला बोलावलं. प्लेगच्या वेळी सुरत रिकामी झाली होती, आणि त्यानंतर बाहेरगावचे व्यापारी सारखे फोन करून विचारायचे की मिल चालू आहे ना, माल कधी निघणार. आठ लाइनी आणि एकट्या हंसाबेन. शेठना ते नवं यंत्र हवं होतं, जे स्वतः फोन उचलतं, विक्रीसाठी एक दाबा, माल रवानगीसाठी दोन दाबा म्हणतं, आणि माणूस जागेवर नसेल तर त्याच्या नावाच्या पेटीत निरोप ठेवून घेतं. यंत्र मुंबईच्या कंपनीचं, विक्री माझी. शेठ घासाघिशीत माझ्यासारखेच. त्यांनी अट घातली की चालू मिलमध्ये आठ दिवस यंत्र चालवून दाखवायचं, नाही चाललं तर मी स्वतः ते उचलून न्यायचं. मी होकार दिला, कारण बसवायला कंपनीचा इंजिनिअर येणार होता. तो आला, माहितीपुस्तकातले आकडे यंत्रात भरले आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत गेला.

तिसऱ्या दिवशी मिलचा फोन दिवसभर एंगेज. व्हायचं काय, की समोरच्याने बोलून फोन ठेवला तरी यंत्राला ते कळायचंच नाही. एक्स्चेंजकडून एंगेजचा टोन यायचा, आणि यंत्र तो टोन म्हणजे माणसाचा निरोप समजून पेटीत भरत बसायचं. एकेक करून आठही लाइनी अशा अडकल्या. विक्रीच्या पेटीत निरोप ऐकायला गेलं तर टूं... टूं... एवढंच. भरीत भर म्हणजे कोणी काही दाबलं नाही तर यंत्र फोन कापत होतं, आणि अर्ध्या व्यापाऱ्यांकडे अजून चकती फिरवायचे फोन, ते दाबणार काय? धुळ्याचा एक व्यापारी ट्रकमध्ये बसून थेट मिलच्या दारात आला. त्याला वाटलं, पुन्हा प्लेग आला आणि सगळे पळाले. शेठनी मला समोर उभं करून विचारलं, “आप्पा, आ मशीन छे के भूत? लोक म्हणतात माझी मिल बंद पडली.” मी मुंबईला फोन लावून ओरडलो. तिकडून उत्तर आलं, माहितीपुस्तकात जे लिहिलंय ते भरलंय, तुमच्या लाइनी खराब असतील.

मधू म्हणाला, “आप्पा, तू आधी ओरडणं थांबव. मला ऐकू दे.” आणि तो हंसाबेनच्या शेजारी रिसीव्हर कानाला लावून बसला. दोन दिवस. फोन ठेवल्यावर येणारा टोन ऐकायचा आणि टेबलावर बोटाने ताल धरायचा, समोर घड्याळ. हंसाबेन मला हळूच म्हणाल्या, “तुमचा मधुभाई भजन करतोय का?” दुसऱ्या दिवशी दुपारी तो उठला. “दोन टोन आहेत,” म्हणाला. “सुरतेच्या एक्स्चेंजवरून आलेल्या पाच लाइनींचा टोन सरळ चालतो. पलसाण्याच्या तीन लाइनींचा लंगडतो. वाजतो थोडा आणि थांबतो जास्त. यंत्र सरळ टोनची वाट बघत बसतं, याची चाल त्याला ओळखूच येत नाही. आणि पुस्तकातला सरळ टोनही आपल्या सुरतेचा नाही.” त्याने दोन्ही टोनांच्या वाजण्याच्या आणि थांबण्याच्या वेळा मोजून यंत्रात भरले. काही न दाबणाऱ्याचा फोन कापायच्या ऐवजी हंसाबेनकडे वळवला. मग मला पर्वत पाटियाच्या बूथवर पाठवलं. मी फोन लावला, निरोप ठेवला, रिसीव्हर खाली ठेवला आणि पुन्हा लावला. तोच उचलून मधू म्हणाला, “सुटली लाइन. दिवा विझला. आता तू ये, आणि येताना हंसाबेनसाठी प्लेटभर गरम लोचो आण, मी कबूल केलाय.” त्या दिवशी मी बूथवाल्यालाही लोचो खाऊ घातला.

आठ दिवस झाले, यंत्र जागचं हललं नाही. शेठनी ते कायम ठेवलं. मग आवाज भरायचे होते. गुजराती आणि हिंदी हंसाबेननी भरलं. व्यापारी त्या आवाजालाच “केम छो बेन” म्हणून उत्तर द्यायचे आणि मग फसले म्हणून हसायचे. मराठीतला आवाज मधूचा. आणि त्याने शेठना न विचारता आणखी एक गोष्ट केली, पंचावन्न नंबरची पेटी उघडली. मिलमध्ये रंगखात्यात, घडीखात्यात आमच्याकडचीच, खानदेशातली माणसं. घरी काही झालं तर गावाकडून कळायला आठ-आठ दिवस लागायचे, कारण कामावरच्या माणसाला फोनवर बोलवायची सोय नव्हती. मधूने सगळ्यांना सांगून ठेवलं, गावातल्या बूथवरून मिलचा नंबर लावा, पंचावन्न दाबा आणि नाव सांगून बोला. पाळी बदलताना हंसाबेन ती पेटी स्पीकरवर लावायच्या. पहिल्याच आठवड्यात एक निरोप आला, “सुपडूभाऊ, तुले पोऱ्या व्हयना. माय-लेक बरा शेतस.” मुलगा झाल्याचं ऐकून सुपडू रंगाने निळे झालेले हात घेऊन तिथेच उभा. खातंभर माणसं त्याला मिठ्या मारत होती. शेठ आवाज ऐकून खाली आले. मला वाटलं, आता पेटी बंद होणार. त्यांनी काय झालं ते विचारलं आणि म्हणाले, “चालू राखो.”

हा बोलबाला मुंबईला पोचला आणि साहेब स्वतः आले. मधूची वही चाळली. तीत कोणत्या एक्स्चेंजचा टोन कसा चालतो, पेट्यांचे नंबर कसे द्यायचे, चकतीच्या फोनचं काय करायचं, सगळं आकृत्या काढून लिहिलेलं. साहेब म्हणाले, “ही कंपनीला द्या, आम्ही सगळ्या डीलरांना पाठवू. दक्षिण गुजरातला आम्हाला इंजिनिअर हवाच आहे, ती जागा तुमची.” मी मधूला बाजूला घेतलं, म्हटलं, दोन ओळी लिहून घे. तो म्हणाला, “आप्पा, तू भाजीवालीकडूनही लिहून घेशील. माणूस चांगला बोलतोय.” मी, सुरतेतला नावाजलेला घासाघीस करणारा, त्याच्यापुढे गप्प बसलो. ही माझी चूक.

चार महिन्यांनी इंग्रजी पुस्तिका आली. वर साहेबांचं नाव. इंजिनिअरची जागा एका डिप्लोमावाल्याला गेली होती. मधूने पुस्तिका शांतपणे वाचली आणि पान एकोणीस माझ्यापुढे ठेवलं. तिथे नमुन्याच्या ऑफिसचा तक्ता होता. सेल्स, डिस्पॅच, अकाउंट्स, आणि खाली पेटी पंचावन्न, खानदेश. त्याखाली लिहिलं होतं, ‘लेम टोन’ असेल तर असे आकडे भरा. मधूच्या वहीतला लंगडा टोन साहेबांनी शब्दशः इंग्रजीत नेऊन ठेवला होता. मधू हसला. मी हसलो नाही.

पुढच्या वर्षी डीलरांची बैठक सुरतेच्या एका हॉटेलात ठरली. मी आदल्या दिवशी मधूला तिथे चहाला घेऊन गेलो आणि काउंटरवरून एक फोन करायला लावला. त्याने रिसीव्हर ठेवला आणि म्हणाला, “अरे, हा पण लंगडा.” मला तेवढंच हवं होतं. बैठकीत साहेबांचं भाषण झाल्यावर मी उठून म्हणालो, नुसतं बोलून काय कळणार, यंत्र हॉटेलच्या लाइनीला जोडून दाखवा. जोडलं. दुसऱ्याच फोनला लाइन अडकली. डिप्लोमावाला पुस्तिका उघडून आकडे भरू लागला. पण पलसाण्याचे आकडे हॉटेलच्या टोनला कसे चालतील? मी विचारलं, “साहेब, लेम टोन म्हणजे काय ते समजावून सांगा.”

“टेक्निकल टर्म आहे.”

“आणि पेटी पंचावन्न?”

“सॅम्पल आहे. जनरल मेसेज.”

“खानदेश जनरल कधीपासून झाला?”

वापीचा डीलर खुर्चीतूनच म्हणाला, “साहेब, आम्ही तर हे सेटिंग मधुकरभाईला फोन करून विचारतो. पुस्तक बघून आजवर कोणाचं जमलंय?” सगळे हसले. मग मधू उठला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं, तो आपणहून उठला. रिसीव्हर कानाला लावला, टेबलावर बोटाने ताल धरला, घड्याळ पाहिलं, आकडे भरले. फोन आला, निरोप झाला, लाइन सुटली. दुसऱ्यांदा सुटली. तिसऱ्यांदा सुटली तेव्हा भरूचपासून वापीपर्यंतचे सगळे डीलर उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि मधू इस्त्री केलेल्या पांढऱ्या शर्टात मध्यभागी उभा होता, हात कुठे ठेवावेत ते न कळून. साहेबांनी त्याचा हात हातात घेऊन सगळ्यांदेखत सांगितलं की पुढच्या आवृत्तीत पुस्तिकेवर मधुकर बिऱ्हाडे हे नाव असेल.

तो दिवस मधू पुरेपूर जगला. घरी पोचेपर्यंत रिक्षात मला दोनदा म्हणाला, “आप्पा, नाव बिऱ्हाडे असं नीट छापतील ना? इंग्रजीत लोक चुकवतात.” इंजिनिअरची जागा त्याने पुन्हा कधी मागितली नाही. यंत्रं बसवत राहिला, ज्याला अडलं त्याला शिकवत राहिला. त्याच्याकडून टोन ओळखायला शिकलेली पोरं आज कंपनीचीच ओळखपत्रं गळ्यात घालून फिरतात. ती सगळी विहारात आली होती. कंपनीच्या ऑफिसातून कोणी आलं नाही.

मधू गेल्यावर पंधरा दिवसांनी नवी आवृत्ती माझ्या दुकानात आली. मुखपृष्ठ चकचकीत. पान एकोणीस जसंच्या तसं, खानदेश, लंगडा टोन, सगळं. वर नाव साहेबांचं, एकट्याचं. मी ती प्रत घेऊन नवागामला मधूच्या बायकोकडे, रत्नाकडे गेलो. ती सातवीपर्यंत शिकलेली. तिने पहिलं पान उघडलं, बोट ठेवून एकेक अक्षर लावत साहेबांचं नाव वाचलं, पान उलटलं, मागचं मलपृष्ठही पाहिलं. मग मला म्हणाली, “आप्पा, यांचं कुठं आहे?”

याचं उत्तर माझ्याकडे मागायचं नाही. साहेब, ते तुम्ही द्यायचं आहे. तुमचं पत्र मला नको, फोन नको, माणूस पाठवू नका. नवागामला या, पुस्तिका बरोबर आणा, आणि मधुकर बिऱ्हाडेचं नाव कुठं आहे ते रत्नाच्या समोर बसून तिला दाखवा.