पायाळूचा पाय
आंबेहळदीचा लेप कुठं गरम होत असला की त्या वासानं अजून माझं डोकं फिरतं. लग्नानंतर दोनेक वर्षांनी, आमच्या कोळवणच्या खोऱ्यात ऐन भातलावणीत माझं अंग दुखायला लागलं. मानेपासून पोटऱ्यांपर्यंत सगळं ठणकायचं, झोपून उठलं तरी तसंच. सासूबाई म्हणाल्या, "सूज न्हाई, ताप न्हाई, मग दुखतंय कुटं? उसण भरली आसंल." आणि वरच्या आळीतल्या पायाळूला बोलावलं. जन्मताना पाय आधी बाहेर आले एवढंच त्याचं कर्तृत्व, पण अशानं लाथ मारली की उसण पळते म्हणे! मला सारवलेल्या ओटीवर पालथं निजवलं आणि त्या बाप्यानं कमरेत अशी लाथ घातली की डोळ्यांपुढे अंधारी आली. "गेली का गं?" सगळ्यांनी विचारलं. दुसरी लाथ नको म्हणून मी "व्हय" म्हणाले, तर लगेच हातात रोपांच्या जुड्या देऊन मला चिखलात धाडलं. संध्याकाळी वाकूनच घरी आले, तर तो महापुरुष ओटीवर पाय लांब करून कण्हत बसलेला. लाथ मारताना त्याचाच घोटा मुरगळला होता म्हणे. सासूबाई माझ्यावरच खेकसल्या, "उभी काय ऱ्हायलीस? आंबेहळद उगाळ, लई दुखतंय बिचाऱ्याला." आता डॉक्टर माझ्या दुखण्याला लांबलचक इंग्रजी नाव देतात, तरी सून विचारतेच, "पण आई, नक्की दुखतं कुठं? सूज तर दिसत नाही." सूज त्याच्या घोट्यालाही नव्हती, लेप मीच लावला होता.