पुलापलीकडे कोणी जात नाही

डोंगर कापायचा, हे सकाळच्या मीटिंगमध्ये ठरलं आणि दुपारच्या जेवणाआधी मी तो कापून मोकळी झाले होते.

घाबरू नका, खरा डोंगर नव्हे. मी मोबाइल गेम बनवणाऱ्या एका कंपनीत काम करते. कंपनी पुण्यात, मी सौंसरला आईबाबांच्या घरी, मागच्या खोलीत दोन मॉनिटर लावून. आमचा गेम ओपन वर्ल्ड जातीचा आहे. म्हणजे त्यात एक मोठा मुलूख असतो आणि तुम्ही त्यात हवं तिथं भटकू शकता. तुम्ही असता हरकारा, राजाची पत्रं पोचवणारा. पत्रं पोचवा, नका पोचवू, नदीत पाय सोडून बसा. अडवणारं कोणी नाही.

अडवणारी मी. माझं काम परफॉर्मन्सचं. फोन दर सेकंदाला पडद्यावरचं चित्र कितीतरी वेळा नव्यानं काढत असतो. त्या प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. फ्रेम पुरेशा निघाल्या की घोडा पळतो. कमी निघाल्या की उचकी लागल्यासारखा चालतो. स्वस्तातल्या फोनवरही घोडा पळाला पाहिजे म्हणून मी गेममधून सतत काही ना काही काढत असते. गवत विरळ कर, सावल्या काढ, बाजारातली माणसं निम्मी कर. ऑफिसात माझं नाव कात्री पडलं आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही, कोणीतरी कात्री असावंच लागतं.

हा डोंगर तन्मयनं बनवला होता. तन्मय आमचा वर्ल्ड डिझायनर, कंत्राटावर घेतलेला. जवळजवळ वर्षभर खपून त्यानं नदीवर दगडी पूल बांधला, पुलापलीकडे चढण, चढणीवर झाडी आणि अगदी वर नदीचा उगम. त्या डोंगरावर कामगिरी एकही नव्हती. पत्र द्यायला घर नाही, लढायला शत्रू नाही. नुसतं जायचं आणि बघायचं. आणि तिथं फ्रेम निम्म्यानं घसरत होत्या.

व्हिडिओवरच्या मीटिंगमध्ये मी हीटमॅप दाखवला. खेळणारे कुठं कुठं गेले त्याचा हा नकाशा. गर्दी असेल तिथं लाल, कोणीच नसेल तिथं काळं. शहर लाल, किल्ला लाल, बाजार तर रक्तासारखा लाल. पूल संपला की काळं कुट्ट.

"म्हणजे तिकडे कोणी जातच नाही?" राघव सरांनी विचारलं. हे आमचे प्रोड्युसर, गेम वेळेत बाहेर पडतो की नाही याची काळजी वाहणारे.

"नाही."

"मग त्याच्यासाठी आपण गेम स्लो का ठेवतोय?"

तन्मयनं एवढंच विचारलं, की तुमच्यापैकी कोणी पुलावरून चालत तिकडे गेलंय का. ऑफिसात चालत जातो कोण? आमच्याकडे एक कमांड असते, ती टाकली की माणूस थेट डोंगराच्या माथ्यावर उतरतो. उतरायचं, फ्रेम मोजायच्या, निघायचं. सरांनी डोंगर काढायला सांगितला. तन्मयला म्हणाले की डोंगर नसेल तर नव्या कंत्राटापुरतं काम उरत नाही, महिनाअखेर बोलू. तन्मयनं कॅमेरा बंद केला.

मला वाईट वाटलं, पण नकाशा समोर होता. मी पुलाच्या मध्यावर एक दरड पाडली, पलीकडचं सगळं काढलं आणि नवं बिल्ड, म्हणजे गेमची त्या दिवशीची ताजी प्रत, गेम आधी खेळून बघणाऱ्या टेस्टरांना पाठवून दिली. घोडा वाऱ्यासारखा पळत होता. मी खुशीत जेवायला गेले.

हे टेस्टर माझेच होते. कंपनीला साधे, वापरून जुने झालेले फोन असलेली माणसं हवी होती. पुण्यात अशी माणसं जमवायला एजन्सी लागते. मला सौंसर-पांढुर्ण्यात दोन फोन फिरवले की काम झालं. चुलतभावाची बायको रंजनावहिनी पांढुर्ण्याला ब्यूटी पार्लर चालवते, ती आली. बाबांचे मित्र गजाननभाऊ रामाकोन्याचे, संत्र्याची बाग आहे, ते आले. अशी वीसेक माणसं झाली. आणि स्वतः बाबा. ते पाणीपुरवठ्याच्या कामावर होते. उभा जन्म वस्त्यावस्त्यांचे वॉल्व उघडण्यात आणि बंद करण्यात गेला. रिटायर झाल्यावर हातात गेम दिला, तर सगळ्यांत जास्त तेच खेळायला लागले. ग्रुपवर त्यांचा रोज एकच मेसेज यायचा, 'एकदम मस्त'. बाकीचेही तेच लिहायचे. मी ते सरांना मोठ्या तोऱ्यात दाखवायचे.

त्या दिवशी संध्याकाळी मी चहा केला. संध्याकाळचा चहा माझ्याकडे असतो, सकाळचा आईकडे. बाबा अंगणात खुर्ची टाकून फोनमध्ये डोकं घालून बसले होते. एक घोट घेऊन नेहमीसारखं "मस्त" म्हणाले आणि मग सहज बोलावं तसं म्हणाले,

"पूल बंद केला वाटते तू?"

"हो. तिकडं कोणी जात नव्हतं."

"बरं केलं. आता गेम तरी बंद नाई पडणार."

मी कप खाली ठेवला. "कधी बंद पडतो?"

"पूल उतरलो का पडते. मंग पुन्हा लावा लागते."

"असं किती वेळा झालं?"

"रोजच होते. मी रोजच जातो ना तिकडं."

मला आधी ते काय सांगताहेत हेच समजेना. रोज तिकडं कशाला जाता, असं विचारलं तर ते थोडे ओशाळले. म्हणाले, नदी कुठून येते ते पाहायचं होतं. एवढं पाणी येऊन राहिलं तर वर कुठंतरी उगम असणारच. पण पुलाच्या पुढं गेम जाऊच देत नाही, तेव्हा तसाच नियम असेल असं ते धरून चालले होते. नियम असूनही माणूस रोज जात होता, हे निराळं.

"मग ग्रुपवर एकदम मस्त कशाला लिहीत होता तुम्ही?"

"मस्तच हाय ना. तू एवढी खपून राहिली, अन् तुह्या साहेबांसमोर मी तुह्या कामाले नावं ठेवू काय?"

आत जाऊन मी वहिनीला फोन लावला. वहिनी म्हणाली, हो, होतं तसं, पण तिला वाटलं तिचाच फोन जुना झाला, म्हणून ती नवऱ्याच्या मागं नव्या फोनसाठी लागली होती. मी विचारलं, मुळात तू तिकडं गेलीस कशाला?

"काय विचारता ताई. पूल बांधला त माणूस जाईनच ना पलीकडं?"

गजाननभाऊंना अलीकडच्या काठावरून झाडं दिसली होती. कशाची आहेत ते पाहू म्हणून तेही वारंवार जात होते आणि दर वेळी गेम बंद पडला की मुकाट्यानं पुन्हा लावत होते. मी एकेकाला फोन करत गेले. जवळजवळ सगळ्यांची कथा तीच. प्रत्येकाला वाटलं, फक्त आपलाच फोन भिकार आहे. प्रत्येकानं पोरीला वाईट वाटू नये म्हणून तोंड मिटून घेतलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, रागावणार कोणावर? तरी मी रागावले. अंगणात जाऊन बाबांना म्हटलं, तुम्ही सगळ्यांनी मिळून मला बुडवलं. ते म्हणाले, "काहून? काय झालं?" त्यांना खरंच कळलं नव्हतं.

मग मी मॉनिटरसमोर बसले आणि तो नकाशा पुन्हा पाहिला. तुम्ही कुठं फिरलात याची नोंद गेम ठेवतो आणि तुम्ही नीट बाहेर पडलात की ती आमच्याकडे पाठवतो. इथं कोणी नीट बाहेर पडतच नव्हतं. फोनची मेमरी भरली की फोन स्वतःच गेमला बाहेर फेकतो. त्या झटक्यात नोंदही जाते आणि गेम बंद पडल्याचा रिपोर्टही येत नाही. म्हणजे जो पूल ओलांडत होता तो आमच्या नकाशातून पुसला जात होता. आमच्या हाती उरत होते ते फक्त अलीकडे थांबलेले. सकाळी मी जिथं कोणी फिरकत नाही म्हटलं, तिथंच सगळं गाव जात होतं. 

मेमरी भरायचं कारण मात्र लगेच सापडलं. मेमरी म्हणजे एक लहान खोली समजा आणि गेममधला मुलूख म्हणजे तिच्यात अंथरायच्या गाद्या. शहराच्या गाद्या उचलल्याशिवाय डोंगराच्या गाद्या घालायला गेलं की जागा पुरत नाही. पूल उतरणाऱ्याच्या फोनमध्ये दोन्ही एकदम अंथरले जात होते. आम्ही कमांड टाकून थेट माथ्यावर उतरायचो, तेव्हा शहर अंथरलेलंच नसायचं. म्हणून ऑफिसात गेम एकदाही बंद पडला नाही. तन्मयनं विचारलं होतं तेच. कोणी चालत गेलंय का?

मी राघव सरांना फोन केला.

"सर, डोंगर परत घालायचाय."

"सकाळी तूच काढलास."

"सकाळी मी म्हणाले तिकडे कोणी जात नाही. सर, सगळे जातात. तिकडून कोणाचा डेटा परत येत नाही."

त्यांनी विचारलं की हे टेस्टरांनी सांगितलं का नाही.

"माझे नातेवाईक आहेत, सर."

हे कारण सरांच्या गळी उतरलं असेल असं वाटत नाही. पण त्यांनी पुढचा प्रश्न बरोबर विचारला. बंद पडणं थांबवलंस तरी डोंगरावर घोडा अडखळणारच, मग तो ठेवायचा कशासाठी? उत्तर देताना माझा मलाच विश्वास बसेना. मी, कात्री, म्हणाले की अडखळू द्या. गेम रोज बंद पडत असूनही जो रोज तिथंच जातो, तो अडखळणारा घोडा चालवून घेईल. सरांनी मला शुक्रवारपर्यंतची मुदत दिली आणि फोन ठेवला.

तन्मयला सांगितलं तेव्हा तो माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं. त्यानं फक्त विचारलं, "कोणी वरपर्यंत पोचलं का?" मी नाही म्हटलं. "बरं," म्हणाला आणि कामाला लागला.

आमचं भांडण नंतर झालं. मी पूल लांब केला, त्यावर धुकं घातलं आणि घोड्यावरून उतरून चालणं भाग पाडलं. माणूस धुक्यातून चालतोय तोवर मागं शहराच्या गाद्या उचलायच्या आणि पुढं डोंगर अंथरायचा. गणित जमलं, पण डोंगरावरून मागं वळून पाहिलं तर शहर नाही, धुकं. तन्मय म्हणाला, वर पोचल्यावर मागं शहर दिसावं म्हणून तर मी डोंगर तिथं उभा केला. मी म्हटलं, डोंगर हवा की नजारा, एक काय ते सांग. दोन दिवस वाद चालला. शेवटी कात्रीच जिंकली. तो नाराजीनं हो म्हणाला.

शुक्रवारी दुपारी नवं बिल्ड बाबांच्या फोनमध्ये घातलं. थोड्या वेळानं विचारलं, कसं आहे? "एकदम मस्त." या वेळी मी ऐकलं नाही. त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, माझ्यासमोर जा.

बाबा पूल चालले. मध्ये धुकं लागलं. पूल उतरला, फोन चालूच. चढणीला ते पुन्हा घोड्यावर बसले, घोडा उचक्या द्यायला लागला, बाबांचं लक्षही नव्हतं. झाडी संपली आणि वर दोन दगडांच्या फटीतून पाण्याची बारीक धार दिसली.

"एवढूसं हाय व," बाबा म्हणाले. असं खुलून हसताना मी त्यांना क्वचितच पाहिलं आहे.

मग त्यांनी घोडा वळवला.

"गाव कुठं गेलं?"

मी समजावून सांगितलं. मेमरी, गाद्या, खोली लहान. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बरं हाय."

ते 'बरं हाय' माझ्या ओळखीचं होतं. मी म्हटलं, "बाबा, खरं सांगा."

त्यांनी आधी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाई आवडलं," ते म्हणाले. "एवढं वर आलो त मांगं आपलं गाव दिसलं पाहिजे. नाई त चढलो कायले?"

मी बारावीला जेमतेम पास झाले तेव्हा ते बरं हाय म्हणाले होते. पहिली नोकरी सुटली तेव्हाही बरं हाय. माझ्या कामाला त्यांनी नावं ठेवलेली मी पहिल्यांदाच ऐकत होते. हसावं की रडावं कळेना, थोडं थोडं दोन्ही झालं.

मी सरांना फोन लावला. सांगितलं, गेम बंद पडत नाही, पण एका टेस्टरची तक्रार आहे, आणखी एक दिवस द्या.

"एकाची? एकासाठी थांबायचं?"

"सर, हा माणूस कधीच तक्रार करत नाही. आता केलीय, तर ऐकावीच लागेल."

सरांनी शनिवार दिला. तन्मयनं शहर परत आणलं नाही, ते मावतच नव्हतं. त्यानं धुक्याला एक फट पाडली आणि तिच्यात शहराच्या दिव्यांचे ठिपके ठेवले. ठिपक्यांना मेमरी जवळजवळ लागतच नाही. माथ्यावरून खाली पाहिलं की दिवे लागलेलं गाव दिसतं. गेम लोकांसाठी बाहेर पडला. नोंद आता चालता चालताच येते, आणि नकाशावर डोंगराचा माथा बाजाराइतकाच लाल आहे. तन्मयचं कंत्राट वाढलं. घोडा तिथं अजूनही अडखळतो, आणि त्याबद्दल लोक आम्हाला सणसणीत शिव्या घालतात. मी त्या मन लावून वाचते.

टेस्टर निवडताना आता माझी एकच अट असते, त्यानं मला ओळखता कामा नये. अपवाद फक्त बाबांचा. त्यांना खरं सांगायची सवय लागली आहे. काल संध्याकाळी एक घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला आणि सांगितलं, की माझ्या हातचा चहा त्यांना कधीच आवडला नाही.