बाबांचं कोलोन बदललंय का?

ओसाकाच्या एका मोठ्या दुकानात मला बाबांचं कोलोन दिसलं. तीच चौकोनी, हिरवी बाटली. विक्रेतीनं कागदाच्या पट्टीवर थोडं मारून दिलं. लिंबाचा वास ओळखीचा वाटला, पण त्यामागून येणारा कडवट वास काही केल्या येईना. "याचं मिश्रण बदललंय का?" मी मोडक्या जपानीत विचारलं. "थोडंफार बदललं असेल," ती अदबीनं म्हणाली.

बाबांच्या हृदयाच्या ऑपरेशनचा दिवस आठवला. पुण्यातल्या आमच्या घरासमोर रिक्षा येऊन उभी होती आणि बाबा अजून आरशासमोर कोलोन लावत होते.

"अहो, ऑपरेशनला कसला नट्टापट्टा?" आई म्हणाली.

"डॉक्टरांना वाटायला नको, कुणी आजारी माणूस आलाय!"

आम्ही मायलेकी हसलो. मग त्यांनी माझे गाल ओंजळीत धरले. तळवे गार आणि ओलसर होते. कोलोनमुळे असतील, असं मला वाटलं. तो कडवट वास तेव्हाच नाकात बसला. त्या ऑपरेशनमधून बाबा उठले नाहीत.

दुकानातून घरी आल्याआल्या मी आईला फोन केला. "बाबांच्या कोलोनला कडवट वास होता ना गं?"

"कडवट? छे गं. त्या दिवशी त्यांना भीतीनं सारखा घाम फुटत होता. तुला कळू नये, म्हणून पुन्हा पुन्हा लावत होते."

एवढी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले होते, की माझे बाबा हसत हसत गेले.