वहिनीचं व्हायोलिन

काल मुलीने तिच्या नव्या व्हायोलिनच्या गजाला राळ घासली आणि त्या वासासरशी मी मनाने नाचणगावच्या देवळात जाऊन बसले.

मी तेव्हा शाळेत होते. दर गुरुवारी संध्याकाळी देवळात भजन व्हायचं आणि माझे बाबा मुख्य गायचे. वांगी-मेथी पिकवणारा माणूस, पण आवाज असा गोड की बाया हातातलं काम टाकून यायच्या. त्या वर्षी दम्याने त्यांचा श्वास मधेच तुटू लागला होता. एका गुरुवारी ते नव्या सुनेला, माझ्या वहिनीला म्हणाले, "तुह्यं व्हायोलिन घेऊन येजो." हिंगणघाटला माहेरी ती शिकली होती, आमच्याकडे आल्यापासून मात्र व्हायोलिन कपाटावरच पडून होतं.

मंडळातले एक काका कुरकुरले, "देवाच्या भजनात हे काऊन पायजे?"

"सून हाय माही. वाजवू द्या तिले," बाबा म्हणाले.

दुसऱ्याच कडव्याला त्यांचा श्वास तुटला. पण वहिनीने ती ओळ तिथूनच हळुवार उचलली आणि सुरेख पुरी केली. टाळ आपोआप मंदावले. पुढे प्रत्येक कडव्यात बाबा थांबत, डोळे मिटून ऐकत आणि वहिनी ओळ पुरी करी. शेवटी ते काकाच तिला म्हणाले, "पुढच्या गुरुवारीबी येजो, पोरी."

मला वाटलं, वहिनीने बाबांना सांभाळून घेतलं. घरी परतताना बाबांनी तोच अभंग एकदाही न थांबता म्हटला, याचं तेव्हा काहीच वाटलं नाही. आज कळतं, पहिल्यांदा त्यांचा श्वास तुटला होता. नंतर ते तिच्यासाठी थांबत होते.