दगडी तोंडं मोकळी आहेत

देवाघरी जायच्या आदल्या संध्याकाळी बायकोनं मला विचारलं, "अवो, तोंडं मोकळी हाईत का?" मी म्हणालो, "कुणाची?" तर चिडली. "दगडाची! गच्चीवर पाला साचला असंल. जाऊन बघा की." अंगात ताप आणि जीव इस्पितळाच्या गच्चीत... सकाळी बघून आलो. मोकळी आहेत हे सांगायला आत शिरलो, तोवर आमची मंडळी गेली होती. त्याला आता महिना झाला. मी दोन इयत्ता शिकलेला माणूस. रडगाणं लिहायला बसलो नाही, तिनं काय केलं तेवढं सांगतो.

होटगीच्या वाटेवरचं वेड्यांचं इस्पितळ तुम्ही बाहेरून पाहिलं असेल. काळा दगड, हात जोडल्यासारख्या टोकदार कमानी, उंच निमुळत्या खिडक्या, आणि गच्चीच्या कडेला दगडी जनावरं. पावसाचं पाणी त्यांच्या जबड्यातून पडतं. गाव त्यांना भुतं म्हणतं. मी तिथं फाटकावर, ती बायकांच्या दालनात आया. फाटकालगतच्या खोलीत आमचा सारा संसार झाला.

गोऱ्या सरकारनं शहरात मार्शल लॉ लावला, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात हुकूम आला. बायकांचं दालन गळतंय, कमानी, जनावरं, सगळं उतरवा आणि वर पत्रे ठोका. ओव्हरसियर भला माणूस, त्याच्याही जिवावर आलं होतं. म्हणाला, "चुन्याची गच्ची नवी करता येईल, पण चोपायला ढीगभर बायका लागतात. त्या आता सगळ्या गिरणीत."

आमची मंडळी पदर खोचून पुढं झाली. "सायेब, बायका दालनात बसूनच हाईत की."

मुकादम हसला. "येड्यांच्या हातात चोपणी? टकुरी फोडतील!"

"तुमचं फुटलं तर आतनं कायबी सांडायचं न्हाय."

चोपणं म्हणजे मूठ असलेलं लाकडी फळकूट. चुना, वाळू, गुळाचं पाणी कालवून पसरायचं आणि ओळीनं बसून, गाणं म्हणत, एका तालात चोपायचं. गाणं तुटलं की ताल तुटतो, ताल तुटला की चुना भेगाळतो. मुकादमानं भिऊन दर दोन बायकांत एक गडी बसवला. कुणाचा सूर कुणाला लागेना. पहिला पट्टा वाळून भेगाळला. सगळे म्हणाले, झालं, आता पत्रेच. हिनं तो पट्टा स्वतः उखडला आणि ओव्हरसियरला म्हणाली, "गडी खाली न्या. मी बसते त्यांच्यात."

"बाई, काही झालं तर मलाही इथंच कोंडतील!"

"मग तुमालाबी एक चोपणं दिऊ."

तिनं बायका खेटून बसवल्या. चोपणी वाटली. पण गाणं कुणी उचलेना... मग अक्कलकोटकडची गंगव्वा, जी आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती, तिनं कानडीत पेरणीचं गाणं धरलं. ही तिच्यामागं, मग सगळ्याच. मला फाटकावर ऐकू येत होतं. धप्, धप्, धप्. टकुरं एकही फुटलं नाही.

चुना आवळल्यावर जनावरांच्या तोंडात चिंध्यांचे बोळे कोंबले आणि गच्ची पाण्यानं भरली. ओव्हरसियर खाली दालनात खुर्ची टाकून छताकडं बघत बसला. दुसऱ्या दिवशी उठला तो कोरडाठाक. ओरडला, "सोडा पाणी!" बोळे ओढले आणि सगळ्या भुतांनी एकदम गुळण्या टाकल्या! बायका खाली भिजत नाचल्या. मुकादमसुद्धा नाचला. पत्र्यांच्या गाड्या आल्या वाटेनं परत गेल्या. कमानी उभ्या आहेत, जाऊन बघा.

तिचं चोपणं चुलीशेजारी खुंटीला आहे. भाकरी थापताना तिचा हात त्याच तालात पडायचा. परवा गंगव्वा आली. ती बरी होऊन आता त्याच दालनात आया आहे. म्हणाली, "अण्णा, आमी नुसतं अक्का म्हणत होतो. अक्काचं नाव काय हो? बायकांना ते गाण्यात घालायचंय."

आमच्यात बायकोचं नाव घेत नाहीत. मीही जन्मात घेतलं नव्हतं. उठलो, चोपणं हातात घेतलं आणि पार गच्चीवर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं...

"सोनाबाई!"