अक्काची बंदूकविद्या

आमच्या अक्काने माझा जेवढा छळ केला, तेवढा सबंध चोपडा तालुक्यात कोणत्याही बहिणीने सख्ख्या भावाचा केला नसेल. मी चोपड्याच्या कचेरीत कारकून, ती सातपुड्याच्या पायथ्याला एकटी शेती करणारी. मेहुणे गेले तेव्हा मागे राहिलं भुईमुगाचं शेत आणि एक ठासणीची बंदूक. पीक राखण्याचा परवाना तिच्या नावावर झाला, पण रानडुकरं शेतात शिरली की बंदूक नुसती टक् करायची. दुरुस्तीला दोंडाईच्याला पाठवावी, तर ती परत येईपर्यंत डुकरं शेत उकरून मोकळी. तेव्हा हे काम आपणच शिकायचं, असं अक्काने ठरवलं. आणि तिला तिथवर कोणी पोचवायचं, तेही तिनेच ठरवलं.

दोंडाईच्याचे म्हातारे मिस्त्री हबकलेच. म्हणाले, "बाई, हे चुलीसारखं सोपं काम नाही."

"चूल सोपी शे, हाई तुमले कोनी सांगं?" म्हणत अक्काने दुकानाच्या पायरीवर फतकल मारली. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी कंटाळून तिच्या हातात कानस दिली. मावसबहिणीकडे राहून पंधरा दिवसांत ती घोडा, चाप, कमान सगळं खोलायला शिकली. जोडण्याचा सराव मात्र मी तिला परत आणताना आगगाडीत. मांडीवर पसारा मांडला, गाडीने हिसका दिला आणि एक स्क्रू उडाला. सगळा डबा बाकांखाली रांगू लागला. ही बाई आपली कोणी लागत नाही असा चेहरा करून मी खिडकीबाहेर बघत बसलो. "अरे भाऊ, तू बी वाक ना जरासा!" ती ओरडली. स्क्रू अखेर चिवडा खाणाऱ्या एका शेठजींच्या दाढेखाली सापडला.

पुढे ती चोपड्याला आली की माझ्या ओसरीचा कारखाना व्हायचा. डोंगरातली माणसं आपापल्या बंदुका घेऊन यायची. माझ्या आंघोळीचं कढत पाणी नळ्या धुवायला जायचं, फोडणीचं तेल त्यांच्या आतून फिरायचं. एकदा तिने माझं कोरं धोतर टराटरा फाडलं. मी कपाळाला हात लावला, तर म्हणते, "जुनं सूत नळीमा अडकस." शिवाय बंदूक दिसली की आधी नळीत गज घालायचा, ही तिची खोड. गज खुणेपर्यंत आत गेला तर बंदूक रिकामी, वर राहिला तर भरलेली. फौजदारांकडे सत्यनारायणाला गेलो, तर प्रसाद घेण्याआधी अक्काने भिंतीवरची बंदूक उतरवली. मी तीर्थ न घेताच घरी आलो.

एका वर्षी परवाने नवे करायला तालुक्यातल्या बंदुका कचेरीत आल्या. त्या तपासणं माझं काम. ऊन मी म्हणत होतं. मी एकही न बघता यादीत सगळ्यांपुढे 'रिकामी' लिहून टाकलं. नवे मामलेदार हौशी. त्यांनी एक उचलली, घोडा ओढला, शिपायाकडे रोखली आणि हसत म्हणाले, "घोड्याखाली फुटायची टोपी लावा, आवाज तरी ऐकू."

"थांबा साहेब!" आपली बंदूक घेऊन आलेली अक्का गर्दीतून पुढे आली. "पहिले गज घालू द्या." मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. तिने गज घातला. तो खुणेच्या चार बोटं वर राहिला. मग तिने गजाच्या टोकाच्या आकड्याने आतलं ओढून काढलं, आणि साहेबांच्या टेबलावर चिंध्या, छर्रे अन् काळी दारू ओघळली. शिपाई दाराआड पळाला.

"ही कोणी तपासली?" साहेबांनी विचारलं.

"मी. म्हणजे... तपासली नाही," मी म्हणालो.

"मन्हा भाऊ शे, साहेब," अक्का म्हणाली. "आळशी शे, पन खोटा नही."

नोकरी वाचली. पण त्यापुढे दर वर्षी साहेबांच्या हुकुमाने माझ्या शेजारी अक्काची खुर्ची असे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती तो किस्सा तिखटमीठ लावून सांगे.

अक्का तापाने गेली, त्याला आता तीन वर्षं झाली. परवा डोंगरातला एक पावरा आदिवासी म्हातारा घोंगडीत बंदूक गुंडाळून दोन दिवस चालत आला. "अक्का शे का?" ती गेल्याचं मी सांगितलं. तो घोंगडी उलगडत म्हणाला, "तू तिना भाऊ ना? तुले येत व्हई."

इतकी वर्षं ती माझ्या डोळ्यांदेखत हे काम करत होती आणि मी नुसता करवादत होतो. तिचे हात काय करतात, ते एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

"नाही हो बाबा," मी म्हणालो.

तो पाणी प्यायला, बंदूक पुन्हा गुंडाळली आणि आल्या वाटेने निघून गेला.